औंढ्याचे विसोबा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात काही माणसे एका ओळीपुरती येतात. त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण नसते, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत टीप लिहा म्हणून त्यांचे नाव क्वचितच पडते, आणि पडले तरी विद्यार्थी तो पर्याय सोडून देतात. 'विसोबा खेचर हे नामदेवांचे गुरू होत' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे वर्गात उच्चारत आलो आहे. ते उच्चारायला चार सेकंद लागतात. पाचव्या सेकंदाला आम्ही नामदेवांकडे वळलेलो असतो. नामदेवांचे अभंग, नामदेवांची कीर्तने, नामदेवांची तीर्थयात्रा, नामदेवांचा पंजाब! गुरू मागे दाराशी उभे राहतात आणि शिष्य आत येऊन बैठकीवर बसतो.

पण हे विसोबा स्वतःही कवी होते. त्यांनी अभंग रचले, एक तात्त्विक ग्रंथ लिहिला. मग हा कवी गेला कुठे? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात जितके मिळायचे तितके मिळाल्यावर, निदान त्यांचे गाव तरी पाहून यावे, असे मनाने घेतले आणि कार्तिकातल्या एका सकाळी मी परभणीच्या स्टँडवर औंढा नागनाथची गाडी शोधत उभा राहिलो.

पुण्यामुंबईच्या वाचकांना हिंगोली जिल्हा नकाशावर चटकन सापडायचा नाही. तो सापडत नाही यात त्यांचा दोष थोडा. हा जिल्हा जन्मलाच मुळी 1 मे 1999 रोजी. तोवर हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. उत्तरेच्या अंगाने पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा आणि मधून कयाधू. वसमतची हळद प्रसिद्ध. तुमच्या घरच्या डब्यातली हळद इकडचीच असण्याचा संभव आहे, फक्त तिने आपले गाव तुम्हांला कधी सांगितले नसेल.

परभणीहून औंढा सुमारे पन्नास किलोमीटर. दिवाळीच्या सुमारास ही वाट मोठी देखणी असते. सोयाबीन निघून गेल्यामुळे काही रानांत काळी माती उघडी पडलेली, तर शेजारच्याच रानात तुरी अजून हिरव्यागार. कापसाची बोंडे फुटायला लागलेली. हळदीची रुंद पाने वाऱ्यावर अशी हलतात की केळीची लहान भावंडेच वाटावीत. माझ्या शेजारी एक पटकेवाले आजोबा बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत नातवंडांसाठी घेतलेले फटाके.

"कुठं जायलात?" त्यांनी विचारले.

"औंढ्याला."

"नागनाथाला. बरं केलं. कार्तिकात जावंच."

"नागनाथालाही, आणि विसोबांसाठीही," मी म्हणालो.

आजोबा विचारात पडले. विसोबा नावाचा माझा कोणी सोयरा औंढ्याला राहत असावा असे त्यांना वाटले असावे. तेवढ्यात कंडक्टरसाहेब तिकिटांचे यंत्र सावरीत मागून म्हणाले, "नामदेव महाराजांचे गुरू हो, आजोबा! पिंडीवर पाय ठेवले होते ते."

"हां हां, ते व्हय!" आजोबांचा चेहरा उजळला. "त्येंचं नाव विसोबा व्हय?"

गोष्ट ठाऊक होती, नाव ठाऊक नव्हते. विसोबांच्या वाट्याला आलेली कीर्ती ती एवढी.

ती गोष्ट सांगण्याआधी देऊळ पाहून घेऊ. औंढ्याचे नागनाथमंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. स्तोत्रातले दारुकावन नेमके कोणते, यावर मात्र जुना वाद आहे. द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातले जागेश्वर ही दोन्ही क्षेत्रे तोच मान आपला सांगतात. औंढ्याच्या माणसांशी या बाबतीत वाद घालू नये. ते अत्यंत शांतपणे ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "तुम्ही एकदा दर्शन घेऊन या, मग बोलू."

बाजारातून बेलाच्या आणि फुलांच्या दुकानांमधून वाट काढीत आपण प्राकारात शिरतो आणि एकदम मोकळ्यावर येतो. भोवती तट, विस्तीर्ण फरसबंद आवार, लहान लहान देवळे, आणि मध्ये ते प्रचंड पाषाणी शिल्प. मंदिर हेमाडपंती, यादवकालीन. खालच्या भिंतींवर एक बोटभर जागाही मोकळी नाही. देवदेवता, हत्ती, सुरसुंदरी, नर्तक, वादक यांच्या ओळींवर ओळी. ऊन तिरपे पडले की या मूर्तींच्या सावल्या भिंतीवर हलू लागतात. मान वर केली की मात्र एकदम वेगळे काही दिसते. खालचा काळाकभिन्न, कोरीव दगड अर्ध्यावर थांबतो आणि त्यावर पुढच्या काळातले साध्या घडणीचे शिखर उभे राहते. मंदिराचा विध्वंस झाला आणि नंतर ते पुन्हा बांधले गेले, याची ती खूण. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना देतात. एका देवळात दोन काळ एकमेकांच्या खांद्यावर बसावेत, तसे हे दृश्य आहे.

गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून, वाकून खाली उतरावे लागते. आमच्यापुढे एक स्थूल गृहस्थ होते. त्यांची पत्नी वरून सूचना देत होती, "डोकं सांभाळा, डोकं!" गृहस्थ कसेबसे उतरले. खाली दाटीवाटीने पाचसहा माणसे, समईचा उजेड, बेलाचा ओला वास, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये ती पिंडी. वर कितीही मोठे देऊळ असो, देवापाशी जागा एवढीशीच. मी त्या पिंडीकडे पाहत असताना मनात एकच चित्र येत होते, तिच्यावर टेकलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायांचे.

आता ती गोष्ट.

तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ताई, नामदेव, सारे होते. मुक्ताईने गोरोबांचे थापटणे पाहिले आणि विचारले, काका, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मग आमची मडकी तरी पाहा, अशी थट्टा झाली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे हाणायला सुरुवात केली. सगळ्यांनी निमूट सोसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा नामदेव चिडले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य जेवतो, त्याच्या डोक्यात थापटणे? गोरोबांनी निर्णय दिला: एवढे एक मडके कच्चे आहे.

नामदेव रडत पंढरपुरास गेले आणि देवाकडे गाऱ्हाणे नेले. आईकडे शेजाऱ्याच्या पोराची तक्रार न्यावी, तसे. पण आईने पोराची बाजू घेतली नाही. विठ्ठल म्हणाला, त्यांचे खरे आहे, तुला गुरू नाही, औंढ्याला विसोबा खेचर आहेत त्यांच्याकडे जा.

नामदेव औंढ्याला आले. देवळात पाहतात तो एक जराजर्जर म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेला. नामदेवांना धक्का बसला. त्यांनी म्हाताऱ्याला हटकले. म्हातारा म्हणाला, "बाबा, मी थकलो आहे. माझे पाय तूच उचल आणि जिथे पिंडी नसेल तिथे ठेव." नामदेवांनी पाय उचलले आणि बाजूला ठेवले. तिथे पिंडी. दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंडी. जिथे पाय ठेवावेत तिथे पिंडी. अखेर पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा नामदेवांनी आपले डोके त्या पायांवर ठेवले.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि चमत्काराची म्हणून हातावेगळी करतो. मला मात्र तीत चमत्कारापेक्षा अध्यापनाची रीत अधिक दिसते. या गुरूने प्रवचन दिले नाही, ग्रंथ उघडला नाही, शिष्याची चूकही दाखवली नाही. एक काम सांगितले आणि ते शिष्याकडूनच करून घेतले. देव नसलेली जागा शोध, एवढाच तो गृहपाठ. उत्तर शिष्याच्या स्वतःच्या हाताला लागले. आमच्या पेशातल्या माणसांनी ही कथा वर्षातून एकदा तरी वाचावी अशी आहे.

पण हे विसोबा होते कोण? परंपरेतला पहिला विसोबा भेटतो तो आळंदीत, आणि तो मुळीच चांगला माणूस नाही. त्याला विसोबा चाटी म्हणत. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना छळण्यात हा पुढे. कथा अशी की निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई मांडे भाजायला परळ आणण्यासाठी कुंभारवाड्यात गेली, तर या विसोबाने कुंभारांना बजावले की हिला भांडे द्याल तर याद राखा. मुलगी रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा दाराआडून मौज पाहायला आला होता. जे दिसले त्याने त्याचे पाय लटपटले. तो आत शिरला आणि त्या मुलांच्या पानातले उष्टे खाऊ लागला. तेव्हा ज्ञानदेवांनी त्याला 'खेचर' म्हटले आणि तेच त्याचे नाव झाले.

या नावात एक गंमत आहे. खेचर म्हणजे घोड्यागाढवाच्या संकरातले ओझ्याचे जनावर. आणि 'ख' म्हणजे आकाश हे ध्यानात घेतले, तर खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा. योगमार्गात खेचरी मुद्रा आहे, तिचाही या नावाशी संबंध लावतात. एकच शब्द, शिवी म्हणून घ्या की पदवी म्हणून घ्या. आळंदीत छळ करणारा आणि औंढ्यात डोळे उघडणारा, या दोन्ही माणसांना ते नाव सारखेच शोभते.

आळंदीचा विसोबा आणि औंढ्याचा विसोबा एकच का, अशी शंका चिकित्सक वाचकाला येईल, आणि ती रास्त आहे. संतचरित्रांचे आपले मोठे भांडार म्हणजे महिपतींचा 'भक्तविजय'. तो 1762 सालचा, म्हणजे विसोबांच्या मागून साडेचारशे वर्षांनी लिहिलेला. एवढ्या काळात दोन माणसांची एक कथा होणे किंवा एका माणसाच्या दोन कथा होणे अशक्य नाही. पण लोकांनी ही दोन टोके एकत्र बांधून ठेवली आहेत, त्याला अर्थ आहे. ज्याने एका पोरीला भांडे मिळू दिले नाही, तोच पुढे गोरोबांनी कच्चे ठरवलेले मडके पक्के करतो! कुंभाराच्या वाड्यात सुरू झालेली गोष्ट कुंभाराच्याच घरून पुढे सरकते. कथा रचणाऱ्या लोकमानसाला न्याय कसा करावा हे चांगले कळत होते.

इतिहासाच्या बाजूने हाती येते ते थोडके, पण मोलाचे. नामदेवांच्या अभंगांत खेचर हे गुरूचे नाव येते. विसोबा शैव होते आणि नाथपंथाशी त्यांचे नाते होते. परंपरा त्यांची समाधी शके 1231, म्हणजे इसवी सन 1309 मधल्या श्रावण शुद्ध एकादशीची सांगते, आणि समाधीचे स्थान बार्शी. आणि मग त्यांचे लेखन. विठ्ठलपर अभंग मोजकेच उरले आहेत. शिवाय 'षट्स्थळ' नावाची एक रचना. ती अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय डॉ. रा. चिं. ढेरे यांचे. 'श्री विठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथासाठी 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे हे संशोधक जुन्या बाडांच्या ढिगाऱ्यात विसरलेल्या माणसांना शोधीत आयुष्यभर हिंडले. विसोबांसारख्यांना असा एखादा वारस सातशे वर्षांनी का होईना मिळतो, हे त्यांचे भाग्य.

षट्स्थळ हा शब्द वीरशैवांच्या घरी रोजचा आहे. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या कल्याणात जे तत्त्वज्ञान बहरले, त्यातल्या सहा पायऱ्या म्हणजे सहा स्थळे. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य. आधी श्रद्धा जडते. मग ती निष्ठा होते. मग वाट्याला येईल ते प्रसाद म्हणून घेता येते. मग बाहेर पूजलेला देव आपल्याच श्वासात जाणवू लागतो. मग आपण त्याला शरण जातो, आणि शेवटी शरण जाणारा व ज्याला शरण जायचे तो, असे दोन उरतच नाहीत. ते कल्याण मराठवाड्याच्या अगदी सीमेवर. तिकडचे कानडी वारे औंढ्याच्या देवळात पोहोचले असतील, यात नवल ते काय?

आता हे सहावे स्थळ मनात धरून पिंडीवरच्या पायांची गोष्ट पुन्हा आठवून पाहा. माझ्या मते ती कथा म्हणजे लोकांनी आपल्या भाषेत उतरवून घेतलेले षट्स्थळच आहे. ग्रंथ बाडात बांधून पडला, कुणी वाचला, कुणी वाचला नाही. पण त्याचा गाभा पटकेवाल्या आजोबांपर्यंत पोहोचला. कवीचे नाव गळून पडले आणि अर्थ तेवढा एस. टी.तून प्रवास करीत राहिला.

देवळाच्या ओट्यावर एक निवृत्त शिक्षक भेटले. धोतर, टोपी, हातात पंचांग. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो हे कळल्यावर त्यांनी आस्थेने जवळ बसवून घेतले. मी त्यांच्यापाशी माझी खंत बोलून दाखवली.

"गुरुजी, एवढा मोठा माणूस, आणि लिहिलेलं किती थोडं उरलं पाहा."

गुरुजी हसले. "सर, मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. रोज संध्याकाळी पोरांनी पुसलं. माझं तरी काय उरलं?"

यावर काय बोलावे मला सुचेना. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तरी पोरं भेटतात, सर. कुणी तलाठी झालं, कुणी डॉक्टर झालं. हिशेब बिनचूक करतात. तो हिशेब कुणी शिकवला हे त्यांच्या ध्यानात नसतं. नसू द्या की. हिशेब बरोबर येतो ना?"

मग त्यांनी मला देवळाच्या मागच्या बाजूला नेले आणि नंदी दाखवला. शंकराच्या देवळात नंदी देवासमोर असायचा. औंढ्यात तो मागे आहे. त्याचीही कथा नामदेवांचीच. नामदेव महाद्वारी कीर्तनाला उभे राहिले. शिंप्याच्या पोराने इथे उभे राहू नये म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागे घालवले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरले. देवाचे तोंड नामदेवांकडे झाले, नंदी राहिला होता तिथेच. देऊळ फिरल्याची ही गोष्ट शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची म्हणून जी 61 पदे आहेत, त्यांतल्या एका पदातही येते. म्हणजे ती किती जुनी आणि किती दूर गेलेली आहे ते पाहा. जातीवरून हाकलले जाण्याचे दुःख त्या पदात आहे, आणि ते दुःख औंढ्याच्या आवारात उभे राहिले की पुस्तकातले राहत नाही. देऊळ फिरले की नाही हे पुरातत्त्ववाल्यांनी सांगावे. एका माणसाला मागे घालवले गेले, यावर विश्वास ठेवायला मात्र पुरातत्त्व लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नर्सीला गेलो. हिंगोली तालुक्यातले, कयाधूच्या काठचे हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. काही अभ्यासक तो मान पंढरपूरला देतात. दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी 1270 साली, कार्तिक शुद्ध एकादशीला हे मूल जन्मले. दिवाळी संपली की अकरा दिवसांच्या आतच ती तिथी येते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आपण फराळाचे डबे रिकामे करीत असतो, तेव्हा नर्सीला दिंड्या येत असतात. आणि तिथे भगव्या पताकांबरोबर पंजाबी पगड्याही दिसतात. नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले शीख यात्रेकरू वाट वाकडी करून नर्सीला येतात. त्यांच्या दृष्टीने हे भगत नामदेवजींचे गाव. एका सरदारजींनी मला विचारले, "आप यहीं के हैं?" मी म्हटले, मी मराठी शिकवतो, नामदेवांची भाषा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हात जोडले. आयुष्यात माझ्या विषयाला इतका मान कुणी दिला नव्हता.

इथे, कयाधूच्या काठी, मला विसोबांच्या कामाचे खरे माप कळले. नामदेवांची 'तीर्थावळी' ज्यांनी वाचली आहे त्यांना तो प्रसंग आठवेल. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेला चला म्हणतात, आणि नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही. विठ्ठल सोडून जायचे म्हणजे काय? देवालाही नामदेवाचा विरह सोसवत नाही. सारी यात्रा नामदेव घराकडे तोंड करून चालल्यासारखे चालतात. हेच नामदेव पुढे, ज्ञानदेवांनी 1296 साली समाधी घेतल्यानंतरच्या काळात, पंजाबात जातात आणि परंपरेप्रमाणे तिथे वर्षानुवर्षे राहतात. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे गाव. 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 88 वे अधिवेशन घुमानला भरले होते, ते याच नात्याने.

ज्याला पंढरपूर सोडवत नव्हते, तो घुमानला कसा राहू शकला? मधे काय घडले? मधे औंढा घडले. देव नसलेली जागा शोधायला सांगणारा एक म्हातारा मधे भेटला. ती जागा सापडली नाही, म्हणूनच नामदेवांना सगळ्या जागा मोकळ्या झाल्या. पंढरपूर पायांखाली घेऊनच ते पंजाबात चालले. त्यांच्या विठ्ठलप्रेमात उणे काही झाले नाही, फक्त त्याची कुंपणे गेली. पंजाबात त्यांनी तिथल्या लोकांच्या बोलीत पदे रचली, ती पुढे गुरू ग्रंथसाहिबात गेली आणि आज जगभरातल्या गुरुद्वारांत गायली जातात. त्या 61 पदांवर विसोबांची सही नाही. पण ती पदे ज्या पायांनी पंजाबात नेली, त्या पायांना निघण्याची मुभा विसोबांनी दिली होती.

एक साम्य इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गुरू नानकांच्या जनमसाख्यांत, म्हणजे चरित्रकथांत, मक्केची एक गोष्ट आहे. नानक काबेकडे पाय करून झोपले होते. कुणी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जिकडे देव नसेल तिकडे माझे पाय वळव. पाय वळवावेत तिकडे काबा दिसू लागला. नानकांचा जन्म 1469 चा, म्हणजे विसोबांच्या मागून दीडशेहून अधिक वर्षांनी. औंढ्याची गोष्ट चालत पंजाबात गेली, की सत्याला दोन ठिकाणी एकच दृष्टान्त सुचला, हे मी सांगू धजत नाही. औंढ्याचा म्हातारा आणि तळवंडीचे गुरू, दोघांनीही शिकवताना आपले पायच पुढे केले, एवढे खरे. ग्रीस देशातल्या सॉक्रेटिसानेही एक ओळ लिहून ठेवली नाही. तो आपल्याला भेटतो तो मुख्यतः प्लेटो या शिष्याच्या लेखणीतून. जगात असे गुरू थोडे नाहीत. पण सॉक्रेटिसाचे नाव शाळकरी मुलाला ठाऊक असते, आणि विसोबांचे नाव त्यांच्याच तालुक्यातल्या एस. टी.त आठवून सांगावे लागते.

परतीच्या आधी आणखी एक गोष्ट कळली. औंढ्याच्या परिसरात एका मोठ्या वेधशाळेचा प्रकल्प हाती घेतला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 च्या एप्रिलमध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. लायगो असे तिचे नाव. ही वेधशाळा आकाश दुर्बिणीतून पाहणार नाही. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसरचे किरण धावतील, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असतील, त्याने अवकाशाला आलेला कंप इथे मोजला जाईल. असा कंप पहिल्यांदा टिपला गेला तो 14 सप्टेंबर 2015 रोजी, अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांत. हे सांगणारा तरुण औंढ्याचाच, विज्ञानाचा विद्यार्थी. त्याच्या डोळ्यांत चमक होती.

मी त्याला विचारले, "खेचर या शब्दाचा अर्थ माहीत आहे का रे तुला?"

"हो सर. खच्चर."

"दुसराही आहे. आकाशात फिरणारा."

तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या गावात आधीपासूनच एक होते म्हणा की!"

विनोद त्याचा, पण मला तो पटला. पिंडीपासून आकाशापर्यंत कुठेही रिकामी जागा नाही, असे एक माणूस या गावात सातशे वर्षांपूर्वी म्हणत होता. आता त्याच गावाजवळ, रिकामे वाटणारे अवकाशही कंप पावते हे मोजायला माणसे येणार आहेत. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये. एक श्रद्धेचे काम, एक मोजमापाचे. पण जिज्ञासेने दोघांनाही एकाच पत्त्यावर आणावे, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण ज्योतिर्लिंगांची यात्रा करतात. घृष्णेश्वर, परळी, औंढा असा मराठवाड्याचा दौरा दोनतीन दिवसांत आटोपतो. सोमवारी आणि महाशिवरात्रीला औंढ्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा एखादा साधा वार गाठून जा. अरुंद पायऱ्या उतरून पिंडीचे दर्शन घ्या. मग गर्दीबरोबर लगेच बाहेर न पडता देवळाच्या मागे जा. नंदीपाशी चार मिनिटे बसा. मुले बरोबर असतील तर त्यांना पायांची गोष्ट सांगा. मुले प्रश्न विचारतील, कुठे तरी पिंडी नसलेली जागा असेलच ना, म्हणून. त्यांना शोधू द्या. आणि गोष्ट सांगताना त्या म्हाताऱ्याचे नाव तेवढे सांगायला विसरू नका. विसोबा खेचर. मराठीतले कवी, राहणार औंढा.